चावी आणि पावती

नारायणगावजवळच्या एका वाडीत दोन शेतकरी राहत होते. एकाचा मळा वरच्या अंगाला, दुसऱ्याचा खालच्या. मध्ये एकच बांध. गाव एकाला वरचा म्हणे आणि दुसऱ्याला खालचा. दोघंही टोमॅटो लावत आणि दोघांचाही माल नारायणगावच्याच बाजारात जाई.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोला असा भाव आला, की म्हाताऱ्या माणसांनीही तसा पाहिला नव्हता. वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. दोघांच्या हातात पैसा खेळू लागला. वरच्यानं गाडी बुक केली. आठ दिवसांनी खालच्यानं त्याच शोरूममध्ये तीच गाडी बुक केली. रंग तेवढा वेगळा घेतला.

गाडी चौदा लाखांची होती. दोघांनीही चार-चार लाख रोख भरले आणि दहा-दहा लाखांचं कर्ज काढलं. मुदत सात वर्षं, व्याज दहा टक्के, हप्ता १६,६०१ रुपये. कागदांचा गठ्ठा समोर आला. बोट ठेवून दाखवलं तिथं दोघांनी सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही. गाडी घ्यायला गेलेला माणूस कागद वाचत बसत नाही, त्याचं लक्ष काचेपलीकडं असतं.

अधिक श्रावण चालू होता, म्हणून दोघं थांबले. नागपंचमीला दोन्ही गाड्या वाडीत आल्या. नारळ फुटले, पेढे वाटले. तोवर भाव उतरायला लागला होता. सप्टेंबरात तो इतका पडला, की तोडणीची मजुरीही सुटेना. लोकांनी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतले.

पुढच्या वर्षी भाव बरा निघाला, पण या दोघांच्या प्लॉटवर व्हायरस आला. झाडं पिवळी पडली, फळ धरलंच नाही. जुनी शिल्लक मोडून दोघं हप्ता भरत राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चौदा हप्ते गेले. डिसेंबरचा हप्ता भरायला दोघांकडंही पैसे नव्हते.

वरचा म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू."

खालच्याच्या बायकोनं वही काढली. घरचा खर्च तीच लिहायची. ती म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात कुठून येणार आहेत? गाय आटलीय. कांदा निघायला अजून वेळ आहे. आज नाहीत ते पैसे पुढच्या महिन्यातही नसणारेत. गाडी देऊन टाकू."

"लोक काय म्हणतील?"

"गाडी ओढून नेली तर काय म्हणतील?"

खालचा गप्प झाला. नवरा-बायको उठून आप्पांकडं गेले. आप्पा गावच्या विकास सोसायटीचे निवृत्त सेक्रेटरी. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या कर्जाचे हिशेब लिहिण्यात काढली होती. स्वतः मात्र सायकलवर फिरत.

आप्पांनी विचारलं, "किती भरलेत?"

"चौदा हप्ते. दोन लाख बत्तीस हजार."

"आणि राहिलेत किती?"

"दहातून ते वजा करा. सात लाख अडुसष्ट हजार."

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "उद्या फायनान्सच्या ऑफिसात जा, कर्जाचा उतारा माग आणि इकडं घेऊन ये."

उतारा आला. त्यावर शिल्लक मुद्दल होतं ८,७७,७६६ रुपये. खालच्यानं तो आकडा दोनदा वाचला. मग त्याला राग आला. "एक लाखाच्या वर कुणी खाल्ले, आप्पा?"

"कुणी खाल्ले नाहीत. पहिल्या महिन्यात दहा लाखांवर व्याज किती झालं? ८,३३३. तुझ्या हप्त्यातले निम्मे तिथंच गेले. उरलेले ८,२६८ मुद्दलात. मुद्दल कमी होईल तसं व्याज कमी होतं, पण सुरुवातीला ते फार हळू उतरतं. चौदा महिन्यांत तू एक लाख दहा हजार व्याज दिलंस आणि एक लाख बावीस हजार मुद्दल फेडलंस. हे पहिल्याच दिवशी तुझ्या सहीच्या वर छापलेलं होतं."

खालच्याची बायको म्हणाली, "मग गाडी नेऊन दिली, की हे आठ लाख सत्त्याहत्तर हजार संपले का?"

हा प्रश्न तिनं विचारला नसता, तर ही गोष्ट दोन्ही मळ्यांवर सारखीच घडली असती.

आप्पा म्हणाले, "नाही, पोरी. गाडी नेऊन दिली, की ते ती यार्डात लावतात, मग लिलावात काढतात. लिलावात घेणारा स्वस्तात घ्यायलाच आलेला असतो. जे येतील ते कर्जातून वजा करतात. कमी पडले, तर उरलेले तुमच्याकडून मागतात. जास्त आले, तर तुम्हाला परत द्यायला हवेत. पण जास्त सहसा येत नाहीत."

"दुसरा रस्ता नाही का?"

"आहे. गाडी तुमच्या नावावर आहे. कंपनीचा तिच्यावर बोजा आहे, एवढंच. त्यांना विचारून तुम्हीच गिऱ्हाईक आणा. गिऱ्हाइकाचे पैसे आधी कर्जात जातील, उरतील ते तुमच्या हातात. पण हे हप्ता चुकायच्या आधी करा. चुकल्यावर तुमचं बोलणं कुणी नीट ऐकत नाही."

नवरा-बायको फायनान्सच्या ऑफिसात गेले. तिथल्या पोरानं ऐकून घेतलं आणि एक छापील कागद पुढं सरकवला. "इथं सही करा, गाडी लावून जा. पुढचं आम्ही बघतो."

बाई म्हणाली, "पुढचं म्हणजे काय, ते लिहून द्या."

"ताई, सगळे अशीच सही करतात."

"करू देत. गाडी कितीला विकणार, कधी विकणार, आम्हाला आधी कळवणार का आणि कमी पडले तर काय, हे लिहून द्या. मग मी ह्यांना सही करायला सांगते."

पोरगा आत गेला. मॅनेजर बाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता. आजवर त्याला कुणी हे विचारलं नव्हतं, म्हणून त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाईक आणत असाल तर ते आमच्याही सोयीचं. मुदतीआधी कर्ज बंद करायचा आकडा लिहून देतो."

आकडा मिळाला. मुद्दल होतंच. त्यावर चालू महिन्याचं थोडं व्याज. शिवाय कर्ज ठरल्या व्याजाचं, म्हणून मुदतीआधी बंद करण्याचा आकार पाच टक्के आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी. सगळं मिळून ९ लाख ३४ हजार. हा आकडा कुठल्या तारखेपर्यंत चालेल, तेही बाईनं त्याच कागदावर लिहून घेतलं.

खालच्याला गाडीचे बारा लाख हवे होते. बारा कुणी देईना. अकरालाही कुणी आलं नाही. शेवटी जुन्नरच्या एका मास्तरांनी दहा लाख वीस हजार सांगितले. त्या रात्री खालच्याला झोप लागली नाही. सकाळी त्यानं होकार दिला.

मास्तर बँकेत गेले. ९ लाख ३४ हजार त्यांनी थेट कर्जाच्या खात्यात भरले आणि उरलेले ८६ हजार खालच्याला दिले. कंपनीनं कर्ज संपल्याचं पत्र दिलं, एनओसी दिली, सही-शिक्क्यानिशी फॉर्म ३५ दिला. त्यावर आरटीओत एचपी, म्हणजे कंपनीचा बोजा, उतरली आणि गाडी मास्तरांच्या नावावर झाली. बँकेतून दर महिन्याला आपोआप हप्ता कापायचा आदेशही आप्पांनी आठवणीनं बंद करायला लावला. काचेवरचा फास्टॅग खालच्याच्या खात्याला जोडलेला होता, तोही बंद झाला.

बाईनं वहीत हिशेब लिहिला. चार लाख आधी दिले, दोन लाख बत्तीस हजार हप्ते दिले, शहाऐंशी हजार परत आले. सोळाएक महिने गाडी फिरवली, त्याचे साडेपाच लाख पडले. तिनं त्याखाली रेघ मारली. खालच्यानं ते पान कितीतरी वेळ पाहिलं. मग त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि तो मळ्यात गेला.

वरच्याला हे कळलं तेव्हा तो पारावर म्हणाला, "भंगाराच्या भावात घातली! माझी गाडी कोण नेतो ते बघतोच मी."

त्याचे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन हप्ते चुकले. दर वेळी खात्यात पैसे नाहीत म्हणून बँकेनं दंड कापला, कंपनीनंही लावला. फोन यायला लागले. त्यानं उचलले नाहीत. गाडी त्यानं सासुरवाडीला नेऊन गोठ्यामागं ताडपत्रीखाली लावली. एका रात्री नऊ वाजता दोन माणसं दारात आली आणि मोठ्यानं बोलू लागली. म्हातारी आई घाबरून उठून बसली.

आप्पांनी त्याला सांगितलं, "रात्री येऊन दमदाटी करायचा त्यांना अधिकार नाही. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोनसुद्धा करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावलंय. तू लेखी तक्रार कर. पण हप्त्याचं काय ते त्यांच्याशी जाऊन बोल. लपवल्यानं गाडीवरचं व्याज थांबत नाही."

वरच्यानं तक्रारही केली नाही आणि तो बोलायलाही गेला नाही.

त्याच आठवड्यात विलायतेतून त्याच्या भाच्याचा फोन आला. भाचा लेस्टरला नोकरीला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, मीही गाडी परत केली. निम्मे पैसे भरून झाले होते. गाडी दिली, विषय संपला. आता एक पेनीही द्यायची नाही."

वरच्याचं डोकं एकदम हलकं झालं. पुढं भाचा काय बोलला, ते त्याला ऐकूच आलं नाही. भाच्यानं अर्धे पैसे भरले होते आणि मामानं अर्धी गोष्ट ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी वरच्यानं ताडपत्री काढली, गाडी धुतली आणि फायनान्सच्या यार्डावर नेली. दुपारची वेळ होती. ऑफिसातली माणसं जेवायला गेली होती. फाटकावर वॉचमन होता. वरच्यानं चावी वॉचमनच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "साहेबांना सांगा, आमचा विषय संपला." मग एसटीनं तो घरी आला. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

पंधरा दिवसांनी एक पाकीट आलं. वरच्यानं ते फोडलं नाही. विषय संपलेला होता. बायकोनं पाकीट कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. आणखी एक आलं, तेही तिथंच अडकलं.

तिसरं पाकीट वकिलाचं होतं, आणि तसंच एक मेहुण्याच्या घरी गेलं. मेहुणा जामीन होता. तो पाकीट घेऊन वरच्याच्या दारात आला आणि चहाही न घेता म्हणाला, "दाजी, हे काय आहे?"

तेव्हा तिन्ही पाकिटं फुटली. पहिल्यात लिहिलं होतं, की पंधरा दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर स्वतः गिऱ्हाईक आणा. तसं न केल्यास गाडी लिलावात काढू. दुसऱ्यात लिलावाची तारीख होती. तिसऱ्यात हिशेब होता. व्याज, दंड आणि यार्डाचं भाडं धरून येणं ९ लाख ३८ हजार. लिलावात आले ७ लाख २० हजार. राहिले २ लाख १८ हजार.

"सात वीस!" वरचा ओरडला. "खालच्याची दहा वीसला गेली. तीच गाडी! माझी तर जास्त चांगली होती. देण्याआधीच चार नवे टायर टाकले होते!"

तो यार्डावर गेला. तिथल्या नोंदीत लिहिलं होतं: टायर झिजलेले, स्टेपनी नाही, डाव्या दारावर ओरखडा. वरच्यानं शपथ घेतली. मॅनेजरनं शांतपणे विचारलं, "गाडी ताब्यात दिल्याची पावती दाखवा. त्यावर टायर आणि स्टेपनीची नोंद असेल, तर मी आत्ता चौकशी लावतो."

पावती नव्हती. वॉचमन नोकरी सोडून गेला होता.

जूनमध्ये वरचा पीक कर्जासाठी बँकेत गेला. बँकेनं सिबिल काढलं. गाडीचं कर्ज तिथं थकीत दिसत होतं. बँकेनं अर्ज बाजूला ठेवला. रोपांचे पैसे सावकाराकडून आणावे लागले. ते किती व्याजानं आणले, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

मग तो आप्पांकडं गेला. सगळे कागद पुढं टाकले आणि म्हणाला, "आप्पा, मीही गाडी परत केली, त्यानंही परत केली. मी तर हात जोडून त्यांच्या दारात नेऊन ठेवली. मग माझ्याच मागं का लागलेत?"

"तू कुणाला विचारून परत केलीस?"

"भाच्यानं केली ना तशीच!"

आप्पांनी त्याला तिथंच भाच्याला फोन लावायला लावला.

भाचा म्हणाला, "मामा, मी तुम्हाला सगळं सांगत होतो, तुम्ही फोन ठेवलात. इकडं त्यासाठी १९७४ चा कायदा आहे. व्याज धरून एकूण जेवढं द्यायचं, त्याच्या निम्मं भरलं, की हप्त्यावर घेतलेली गाडी परत करता येते. पण मी आधी पत्र लिहिलं. त्यांचा माणूस आला, गाडी तपासली, फोटो काढले. त्यानं कागदावर सही केली. मग मी चावी दिली."

आप्पा वरच्याला म्हणाले, "ऐकलंस? तिकडं असा करार असला, की शेवटचा पैसा जाईपर्यंत गाडी कंपनीचीच असते. म्हणून ती परत करता येते. आपल्याकडं कर्ज काढून घेतलेली गाडी पहिल्या दिवसापासून तुझ्या नावावर. त्यामुळं विकायचा हक्क तुझा आणि विकण्यातला तोटाही तुझाच. तिकडचा निम्म्याचा कायदा इकडं नाही. आणि असता, तरी तू निम्मे भरले होतेस का? चौदाच हप्ते भरलेस."

वरचा खाली बघत राहिला.

"आता एक काम कर," आप्पा म्हणाले. "त्यांच्याकडं जा. एकदम जमत नाहीत, तीन टप्प्यांत देतो म्हण. दंडाचा भाग कमी करायला सांग, कधी कधी करतात. पण जे ठरेल ते लेखी घे. शेवटचा टप्पा भरलास, की बाकी काही नाही असं पत्र घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. तडजोड झाल्याची खूण सिबिलवर काही वर्षं राहील. ती लगेच पुसता यायची नाही."

वरचा गेला. या वेळी त्यानं खालच्याच्या बायकोला बरोबर यायची विनंती केली. ती आली. तिनं वही आणली होती. दंडाचे थोडे पैसे सुटले, बाकीचे तीन टप्प्यांत ठरले. मॅनेजरनं पत्रावर सही केली आणि शिक्का मारून ते वरच्याच्या हातात दिलं. मेहुण्यालाही त्याची प्रत गेली.

वरच्यानं दोन जर्सी गाई विकून पहिला टप्पा भरला.

वाचकहो, हप्ता झेपत नसेल तर गाडी सोडा, त्यात लाज नाही. पण चावी दिली म्हणजे कर्ज फिटलं असं समजू नका. हप्ता चुकायच्या आधी जा, आकडा लेखी मागा आणि पावती घेतल्याशिवाय चावी हातातून सोडू नका.